औंध संस्थान आणि पंतप्रतिनिधी घराणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औंधविषयी येणाऱ्या पत्रांत ठरावीक प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. सुरुवातीचे प्रश्न ओळखीचे आहेत आणि शेवटचे जरा अडचणीचे. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा दिलेली नाही. तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. औंध संस्थान नेमके कोठे होते? पुण्याचे औंध ते हेच का?

नाही. पुणे शहरातील औंध आणि संस्थानाचे औंध यांच्यात नावापलीकडे काहीही समान नाही. संस्थानाची राजधानी असलेले औंध सातारा जिल्ह्यात, आजच्या खटाव तालुक्यात आहे. गावालगतच्या डोंगरावर यमाई देवीचे मूळपीठ आहे आणि तेच या गावाची खूण आहे.

संस्थान सलग नव्हते. नकाशावर शाई सांडून ठिपके उडावेत तशी त्याची एकूण ७२ गावे विखुरलेली होती : औंधच्या आसपासची काही, आटपाडीच्या माणदेशी पट्ट्यातील काही, कृष्णाकाठच्या कुंडलची काही आणि थेट विजापूरकडच्या गुणदाळची काही. एका महालातून दुसऱ्या महालात जायचे तर मध्ये इंग्रजी मुलूख किंवा दुसरे संस्थान ओलांडावे लागे. क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल आणि लोकसंख्या शेवटच्या काळात नव्वद हजारांच्या जरा आत होती. कुंडल वगळता बहुतेक मुलूख कमी पावसाचा होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या अनेक उत्तरांचे मूळ तिच्यात आहे.

२. ‘पंतप्रतिनिधी’ हे आडनाव आहे की पद?

मुळात ते पद आहे, आडनाव नंतर झाले. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा स्वराज्याचा कारभार दोन ठिकाणांहून चालू लागला आणि छत्रपतींच्या वतीने निर्णय घेऊ शकेल असा अधिकारी आवश्यक झाला. त्यासाठी प्रतिनिधिपद निर्माण करून ते प्रथम प्रल्हाद निराजी यांना देण्यात आले. हे पद शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांपैकी नव्हे. मानाने ते त्या आठांच्याही वर मानले जाई. ‘पंत’ हे ब्राह्मण मुत्सद्द्याला लावायचे आदरवाचक आहे. घराणे देशस्थ ब्राह्मणांचे असल्याने रयतेच्या तोंडी ‘राजेसाहेब’ यापेक्षा ‘पंत’ हेच अधिक राहिले.

३. घराण्याचा मूळ पुरुष कोण?

परशुराम त्रिंबक. हे घराणे कोरेगाव तालुक्यातील किन्हईच्या कुलकर्ण्यांचे. लेखणीच्या वतनातून वर आलेला हा माणूस तलवारीनेही तितकाच पुढे गेला. १६९२ मध्ये पन्हाळा परत घेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १७०१ च्या अखेरीस औरंगजेबाने विशाळगडाला वेढा घातला तेव्हा गड त्यांनीच सहा महिने झुंजवला आणि जून १७०२ मध्ये बादशहाकडून रोख रक्कम घेऊन तो खाली केला. मोगलांना दमवायचे, पावसाळ्यापर्यंत अडकवायचे आणि मग किल्ला ‘विकायचा’ ही त्या काळातील मराठ्यांची ठरलेली चाल होती. तिला फितुरी म्हणणारे पत्रलेखक आम्हाला अधूनमधून भेटतात. अशा रीतीने सोडलेले किल्ले पुढे किती लवकर परत आले, हेही त्यांनी पाहावे.

१७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परतले तेव्हा परशुरामपंत ताराबाईंच्या बाजूने उभे होते. खेडच्या लढाईनंतर शाहू महाराजांनी सातारा घेतला आणि पंत कैदेत पडले. पुढे त्यांची सुटका झाली आणि प्रतिनिधिपदही परत मिळाले. मधल्या काळात मुलाच्या वर्तनामुळे त्यांचे डोळे काढण्याची आज्ञा झाली होती आणि खंडो बल्लाळांच्या रदबदलीने ती टळली, अशी परंपरागत हकिकत आहे. हा मुलगा कोण, ते पुढील उत्तरात आहे. पंत १७१८ मध्ये वारले.

४. पंतप्रतिनिधी, पंत सचिव, पंत अमात्य आणि विशाळगडचे प्रतिनिधी ही एकाच घराण्याची नावे आहेत का?

हा घोळ फार जुना आहे. पंत सचिव म्हणजे भोरचे, पंत अमात्य म्हणजे गगनबावड्याचे. ही दोन्ही घराणी औंधपेक्षा वेगळी आहेत. विशाळगडचे प्रतिनिधी मात्र औंधचेच भाऊबंद. परशुराम त्रिंबकांचा मुलगा कृष्णाजी कोल्हापूरच्या गादीच्या पक्षाला मिळाला आणि त्याला तेथील प्रतिनिधिपद मिळाले, तर दुसरा मुलगा श्रीनिवास ऊर्फ श्रीपतराव शाहू महाराजांकडे राहिला. एका घरात दोन गाद्यांचे दोन प्रतिनिधी झाले. थोरल्या शाखेचे वंशज विशाळगडचे जहागीरदार आणि धाकट्या शाखेचे औंधचे अधिपती, एवढे ध्यानात ठेवले की गोंधळ उरत नाही.

५. श्रीपतराव प्रतिनिधी म्हणजे बाजीरावाच्या आड येणारे दरबारी, हे चित्र बरोबर आहे का?

अर्धेच बरोबर आहे. आधी घर सावरावे, दक्षिण आणि कोकण पक्के करावे, मग उत्तरेकडे जावे, असा त्यांचा आग्रह होता आणि तो पहिल्या बाजीरावाच्या धोरणाच्या नेमका उलट होता. इतिहास बाजीरावाच्या बाजूने गेला, म्हणून प्रतिनिधी नाटकांतून आणि कादंबऱ्यांतून खलनायक झाले. पण १७३० मध्ये वारणेकाठी कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या फौजेचा मोड करून ताराबाई आणि संभाजी महाराजांच्या राणी जिजाबाई यांना ताब्यात घेणारे श्रीपतरावच. त्याच विजयातून पुढच्या वर्षीचा वारणेचा तह झाला आणि दोन गाद्यांची हद्द ठरली. १७३३ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीकडून रायगड परत आला, तोही प्रतिनिधींच्या फौजेमुळे. कोकण आधी, असे म्हणणारा माणूस कोकणात काही करत नव्हता, असे म्हणता येत नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर, १७४६ पासून, पेशव्यांपुढे प्रतिनिधींचे वजन उतरत गेले. १७५० मध्ये प्रतिनिधींचे मुतालिक (त्यांच्या वतीने कारभार पाहणारे) यमाजी शिवदेव सांगोल्यात अडून बसले, तेव्हा सदाशिवरावभाऊंनी जाऊन ते ठाणे घेतले. साताऱ्याच्या दरबारातील प्रतिनिधींचे राजकारण व्यवहारतः तेथेच संपले.

६. ‘थोटे पंत’ कोण आणि ताई तेलीण ही खरी व्यक्ती होती का?

दोघेही खरेच. परशुराम श्रीनिवास हे लहानपणीच प्रतिनिधी झाले आणि मोठेपणी आई, मुतालिक आणि दुसरे बाजीराव पेशवे या सर्वांशी त्यांचे बिनसले. त्यांना मसूरला अटकेत ठेवले असता त्यांची आश्रित असलेल्या ताई तेलिणीने माणसे जमवून त्यांची सुटका केली. पंतांनी आपण साताऱ्याच्या छत्रपतींचे सेवक आहोत असे सांगत पेशव्यांविरुद्ध बंड उभारले. १८०६ मध्ये वसंतगडाजवळ पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याशी झालेल्या लढाईत पंतांचा हात तुटला. त्यावरून ‘थोटे पंत’ हे नाव पडले आणि ते घराण्याच्या इतिहासात कायमचे राहिले.

पंत कैद होऊन पुण्याला गेले, तरी ताई तेलिणीने वासोटा सोडला नाही. कोयनेच्या जंगलातील तो किल्ला तिने सुमारे आठ महिने लढवला. गडावरच्या धान्याच्या कोठाराला आग लागली तेव्हा कोठे तो खाली झाला. तिच्यावर रचलेले चुरचुरीत कवन आजही साताऱ्याकडे ऐकू येते आणि त्यात चेष्टा गोखल्यांचीच केलेली आहे. आमच्या मते घराण्याच्या कैफियतीत, म्हणजे लेखी हकिकतीत, तिला मिळालेली जागा तिच्या कर्तृत्वाच्या मानाने फार लहान आहे.

७. सातारा खालसा झाला तेव्हा औंध कसे वाचले?

तहामुळे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी साताऱ्याच्या छत्रपतींना राज्य दिले आणि त्यांच्या मोठ्या जहागीरदारांशी स्वतंत्र करार केले. औंधशी तो १८२० मध्ये झाला. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निपुत्रिक वारले आणि डलहौसीने दत्तक नाकारून सातारा घेतला. मात्र जहागीरदारांना दिलेली हमी इंग्रजांचीच असल्याने औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट आणि डफळापूर या जहागिरी थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली चालू राहिल्या. तोफांच्या सलामीचा मान औंधला नव्हता.

८. बाळासाहेब गादीवर आले ते वारसाहक्काने का?

सरळ वारसाने नाही. १९०१ मध्ये श्रीनिवासराव वारले. त्यानंतर मोठे चिरंजीव दादासाहेब आणि १९०५ पासून नातू नानासाहेब गादीवर होते. ही आठ वर्षे कटकटीची गेली. अखेर ४ नोव्हेंबर १९०९ रोजी इंग्रज सरकारच्या निर्णयाने पुतण्याच्या जागी काका, म्हणजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब, आले.

९. बाळासाहेबांना लोक एवढे का मानतात?

भवानराव श्रीनिवासराव (१८६८–१९५१) हे पदवीधर संस्थानिक होते. ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. ते चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि स्वतः उभे राहून कीर्तन करीत. रामायणातील प्रसंगांवर त्यांनी चित्रमालिका काढली. चित्रकारांना घेऊन ते अजिंठ्याला गेले आणि तेथील चित्रांच्या प्रतिकृतींचा ग्रंथ सिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा त्यांनी एक लाख रुपयांची देणगी कबूल केली. संस्थान किती लहान होते, हे पहिल्या उत्तरात आले आहे. त्याच्या पार्श्वभूमीवर हा आकडा वाचावा. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. गायक अंतूबुवा जोशी औंध दरबारचे होते. पंडित सातवळेकरांचे वेदविषयक कार्य असलेले स्वाध्याय मंडळही तीस वर्षांच्या आसपास औंधलाच चालले. साने गुरुजी आणि माडगूळचे ग. दि. माडगूळकर हे औंधच्या शाळेत शिकलेले विद्यार्थी.

सर्वांत दूरवर गेली ती त्यांची सूर्यनमस्कारांची चळवळ. स्वतः ते रोज घालीत, कुटुंबाला घालायला लावीत आणि शाळांतून ते सक्तीचे केले. सक्तीला विरोध करणारेही तेव्हा होते. सूर्यनमस्कार बाळासाहेबांनी शोधून काढले असे कोठे कोठे छापलेले आढळते, ते चूक आहे. नमस्कार फार जुने आहेत. त्यांना ठरावीक क्रमात बसवून, पुस्तके लिहून आणि विलायतेपर्यंत प्रसार करून व्यायामपद्धती म्हणून रूढ करण्याचे श्रेय मात्र त्यांचे आहे.

१०. किर्लोस्करवाडी औंध संस्थानात होती का?

होय. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा बाळासाहेबांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० मध्ये निवडुंग आणि साप असलेल्या त्या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला. पुढे स्थानकाचे नावही बदलून किर्लोस्करवाडी झाले.

११. ‘औंधचा प्रयोग’ म्हणजे नेमके काय?

राजाने आपण होऊन सत्ता प्रजेच्या हाती देण्याचा प्रयोग. नोव्हेंबर १९३८ मध्ये बाळासाहेबांनी तशी घोषणा केली आणि २१ जानेवारी १९३९ रोजी नवी राज्यघटना लागू झाली. यामागे तिघांची खटपट होती : ऑक्सफर्डहून शिकून आलेले राजपुत्र आप्पासाहेब पंत, त्यांचे पोलिश अभियंता मित्र मॉरिस फ्रीडमन, जे पुढे स्वामी भारतानंद म्हणून ओळखले गेले, आणि स्वतः बाळासाहेब. मसुदा गांधीजींपुढे गेला आणि त्याला आकार दिला त्यांनीच. सत्तेची सुरुवात गावापासून व्हावी, मतदार साक्षर असावा, न्याय स्वस्त आणि जवळ असावा, राजाच्या खासगी खर्चाला मर्यादा असावी, हा त्यांचा आग्रह होता.

रचना अशी होती. गावातील प्रौढ मतदारांनी पाच जणांची पंचायत निवडायची. पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुका समिती व्हायची. तालुका समित्यांतून राज्याच्या विधिसभेत सभासद जायचे आणि मंत्री त्या सभेला जबाबदार राहायचे. आटपाडीकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय होता, तर ज्याला मत द्यायचे तो रोज पारावर भेटणारा माणूस होता. विहीर, शाळा, रस्ता यांचा निर्णय आणि त्यासाठी शेतसाऱ्यातला वाटा गावाच्या हाती आला. न्यायाधीश गावोगाव फिरून पंचांसह खटले ऐकू लागले. किरकोळ बांधाच्या तंट्यासाठी भाकरी बांधून तालुक्याला हेलपाटे घालणे आणि वकिलाचे तोंड पाहणे बरेच कमी झाले.

१२. ही खरी लोकशाही होती की दिखावा?

दोन्ही टोकांची पत्रे येतात. आम्ही कोणत्याच टोकाला जात नाही. मर्यादा उघड होत्या : वरच्या पातळीवरच्या निवडणुका अप्रत्यक्ष होत्या, साक्षरतेच्या अटीचा फटका सर्वांत आधी गरिबांना आणि स्त्रियांना बसणार होता, राजपुत्रच मंत्रिमंडळात होते, आणि डोक्यावर इंग्रजांची सार्वभौम सत्ता कायम होती. शिवाय प्रयोगाची बहुतेक वर्षे महायुद्धाच्या टंचाईत गेली. कोरडवाहू मुलखात महसूलच तुटपुंजा, म्हणून पंचायतीला मिळालेला वाटाही तुटपुंजा राहिला.

पण दिखावा म्हणावे तर शेजारची संस्थाने प्रजा परिषदेच्या कार्यकर्त्यांना तुरुंगात टाकत असताना येथे राजा स्वतःचे अधिकार कागदावर लिहून कमी करीत होता. त्याने तसे केले नसते तर कोणी सक्ती करणार नव्हते. नेमकी याच ठिकाणी प्रयोगाची ताकद आहे आणि दुबळेपणाही : लोकांनी मागून घेतलेली नव्हे, तर थोरल्या माणसाने दिलेली ही लोकशाही होती.

आजची पंचायत राज व्यवस्था औंधवरूनच घेतली का, असे अनेकजण विचारतात. गाव, तालुका आणि वरची सभा हे तीन स्तर दिसायला सारखे आहेत, पण औंधची वरची सभा कायदे करणारी होती आणि आजची जिल्हा परिषद तशी नाही. साम्य मान्य करावे, वंशावळ जोडू नये.

१३. ‘दो आँखें बारह हाथ’ ची गोष्ट औंधची आहे का?

प्रेरणा औंधची, कथा चित्रपटाची. आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली. कल्पना फ्रीडमन यांची. गंभीर गुन्ह्यांतील कैदी तेथे भिंतीशिवाय राहत, शेती करीत आणि कुटुंबही सोबत ठेवू शकत. १९५७ च्या या चित्रपटाचे लेखन त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांचे आहे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. वसाहत विलीनीकरणानंतरही शासनाने चालू ठेवली.

१४. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारला औंधने मदत केली का?

कुंडल हे प्रतिसरकारचे मोठे केंद्र होते आणि कुंडल औंध संस्थानात होते. इंग्रजी हद्दीत पाठलाग सुरू झाला की भूमिगतांना संस्थानी हद्द जवळ पडे. पहिल्या उत्तरातील विखुरलेल्या गावांचा असाही उपयोग झाला. दरबाराची सहानुभूती होती, हे खरे. परंतु चळवळ उभी केली ती गावांतल्या माणसांनी. तिचे श्रेय राजवाड्याकडे वळवणे योग्य नाही.

१५. संस्थान केव्हा विलीन झाले? औंधचा मुलूख आज कोणत्या जिल्ह्यांत आहे?

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर औंध मुंबई राज्यात विलीन झाले. औंध आणि किन्हई आज सातारा जिल्ह्यात आहेत, आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळकडचा भाग कर्नाटकात आहे. बाळासाहेब १३ एप्रिल १९५१ रोजी वारले. आप्पासाहेब पुढे भारताचे राजनैतिक अधिकारी म्हणून पूर्व आफ्रिका, सिक्कीम, इंडोनेशिया, इंग्लंड अशा ठिकाणी राहिले. संस्थानिकांचे तनखे आणि सनदशीर मान्यता १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने संपली. त्यामुळे आज कोणाला ‘औंधचे राजे’ म्हणणे हा केवळ आदराचा भाग आहे.

१६. औंधच्या संग्रहालयात हेन्री मूरचे शिल्प आहे, हे खरे का?

खरे आहे. डोंगराच्या वाटेवर १९३८ मध्ये बाळासाहेबांनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात मूर यांचे ‘माता आणि बालक’ हे पाषाणशिल्प आहे. त्याच छताखाली रविवर्मा, धुरंधर आणि पहाडी शैलीतील लघुचित्रेही आहेत. मूळपीठाला निघालेल्या कुटुंबातली मुले त्या आईच्या गोल, घडीव दगडापुढे क्षणभर थांबतात आणि मग पुढच्या दालनात पळतात. नावाची पाटी वाचणारे थोडे. जुन्या वस्तू एकाच जागी पाहायच्या असतील तर घाई करू नये, किमान अर्धा दिवस ठेवावा.

१७. आमच्या पणजोबांचा औंध संस्थानातील कागद सापडला आहे. त्यातील जिल्हा आणि वर्ष आजच्या नोंदीशी का जुळत नाही?

बहुधा कागद खोटा नसतो. मधल्या काळात हद्दी बदलल्या आहेत. आटपाडीचे एकच गाव १९४८ पूर्वीच्या कागदात ‘औंध संस्थान’, १९४९ नंतर ‘दक्षिण सातारा’ आणि १९६० नंतर ‘सांगली’ असे दिसते. गुणदाळच्या गावांसाठी चौकशी कर्नाटकातील महसूल कार्यालयात करावी लागते. जमिनीचा उतारा हवा असेल तर आज गाव ज्या तालुक्यात आहे तेथील तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयापासून सुरुवात करावी.

वर्षाची गोष्ट वेगळी. शक दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवावे, मात्र पौषापासून पुढच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागू शकतात. जुन्या मोडी कागदांत ‘सुहूर सन’ असेल तर ५९९ किंवा ६००, आणि दक्षिणी फसली असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवावे. सुहूर सनाचे आकडे बहुधा अरबी शब्दांत लिहिलेले असतात : ‘इहिदे’ म्हणजे एक, ‘इसन्ने’ म्हणजे दोन. आकडा दिसत नाही म्हणून वर्षच नाही, असे समजून कागद बाजूला ठेवू नये. मोडी जाणणाऱ्याकडून पहिली ओळ तेवढी वाचून घ्यावी.